कासवीच्या भूमिकेला दुसरा भाग नसतो

प्रश्न : मी मूळचा हर्णैचा, वय २९. पुण्यात एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत चित्रकार म्हणून नोकरी करतो. गेली तीन वर्षे रात्री जागून मी एक योजना तयार केली आहे. अरबी समुद्रातले प्राणी म्हणजे जणू एखाद्या बड्या करमणूक कंपनीचे कलावंत, असे मानून १४ चित्रपटांची मालिका, शिवाय खेळणी, दप्तरे आणि मोबाइल गेम असे सगळे त्यात आहे. डॉल्फिन नायक, शार्क खलनायक, ऑक्टोपस नायकाचा विनोदी मित्र आणि पिल्लाला जिवापाड जपणारी कासवी ही आई. एका निर्मात्याला योजना आवडली असून तो सर्व पात्रांचे हक्क कायमचे लिहून मागतो आहे. आतेभावाचे म्हणणे असे की, प्रसिद्धीसाठी किनाऱ्यावर टाकी बांधून डॉल्फिनचा खेळ सुरू करावा. बाबांची बोट आहे आणि मी परत येऊन ती सांभाळावी अशी त्यांची इच्छा आहे. त्यांना योजना वाचून दाखवली तेव्हा कासवीच्या पानावर ते इतके हसले की बशीतला चहा सांडला. “कासव पिल्लू सांभाळतं हे तुला कुणी सांगितलं?” एवढेच म्हणाले आणि जाळी घेऊन बसले. मी काय करावे?
— ‘जाळ्यात अडकलेला चित्रकार’

उत्तर :

प्रिय चित्रकार,

तुमच्या पत्रासोबत आलेली योजना मी दोनदा वाचली. चित्रे उत्तम आहेत. विशेषतः बोंबलाचे तोंड उघडे राहिल्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर जो कायमचा आश्चर्यचकित भाव येतो, तो तुम्ही अचूक पकडला आहे, आणि तो बोंबील टोपलीत जवळून पाहिल्याशिवाय कुणालाही पकडता येणार नाही. कथानकाविषयी मात्र मला तुमच्या वडिलांच्या बाजूने उभे राहावे लागेल. निर्मात्याने, आतेभावाने आणि तुम्ही स्वतः या योजनेवर जे काही म्हटले आहे, त्या सगळ्यांत वडिलांचा प्रश्न हाच मला सर्वांत उपयोगी अभिप्राय वाटला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कासवीने पिल्लांना सांभाळण्याची कल्पना तुमच्या एकट्याची नाही, हे आधी सांगून टाकतो. कासवी आपल्या पिल्लांना दुरून केवळ दृष्टीने पोसते, ही उपमा आपल्या संतांनी इतक्या प्रेमाने वापरली आहे की मराठी मनात कासव आणि वात्सल्य यांची गाठ पक्की बसली आहे. उपमा म्हणून ती सुंदरच आहे. पण तुमच्या किनाऱ्यावर येणारी ऑलिव्ह रिडले कासवी काय करते? रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या दोन वल्ह्यांसारख्या पायांनी आळीपाळीने वाळू उपसून खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून पोटाने दाबून बसवते आणि तास-दीड तासात समुद्रात निघून जाते. त्या खड्ड्याकडे ती पुन्हा फिरकत नाही. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात तेव्हा आई कुठे असते हे त्यांना ठाऊक नसते आणि पिल्ले कुठे आहेत हे आईला ठाऊक नसते. एवढेच काय, पिल्लू नर व्हायचे की मादी हेसुद्धा खड्ड्यातल्या वाळूचे तापमान ठरवते. वाळू अधिक गरम असली तर माद्या अधिक निघतात. नाटक मंडळीच्या भाषेत सांगायचे तर तुमच्या कंपनीत नट-नट्यांची निवड करणारा इसम म्हणजे तुमच्या शेजारच्या अंजर्ले गावाची वाळू.

यावर तुम्ही म्हणाल की मग प्रेक्षकाने रडायचे कशावर? मला वाटते, रडण्यासारखे यातच अधिक आहे. एका रात्रीची भूमिका, संवाद नाही, दुसरा भाग नाही, आणि नटी पडद्यामागे जाताना मागे वळूनही पाहत नाही. तुमच्या योजनेत मात्र ही कासवी १४ पैकी ११ चित्रपटांत पिल्लाच्या डोक्यावरून पुढचा पाय फिरवत बसली आहे. तो पाय वाळू लोटण्यासाठी आणि पोहण्यासाठी आहे हो. आणि खलनायक शोधत तुम्ही खोल समुद्रात गेला आहात, पण पिल्लांचा खलनायक किनाऱ्यावरच उभा असतो. अंड्यातून निघालेले पिल्लू रात्री सर्वांत उजळ क्षितिजाकडे धावते. हजारो वर्षे ते क्षितिज समुद्राचे होते. आता एखाद्या रिसॉर्टच्या कुंपणावरचा हॅलोजन त्याहून उजळ असतो आणि पिल्ले पाठ फिरवून रस्त्याकडे चालू लागतात. असा खलनायक रंगवायला दातही लागत नाहीत.

हल्ली अशा मालिकांमध्ये एका चित्रपटातले पात्र दुसऱ्यात डोकावून जाते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. तुमच्या आराखड्यात त्यासाठी सातव्या चित्रपटात एक परग्रहावरचा मासा आणला आहे. त्याची गरज नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये पायाला धातूची खूण लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी २०२५ च्या जानेवारीत थेट गुहागरला अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातली कासवे वेगळी आणि अरबी समुद्रातली वेगळी, असे धरून चालणाऱ्या अभ्यासकांना या एका बाईने नव्याने विचार करायला लावला. पूर्व किनाऱ्याच्या कंपनीतली नटी सारा भारत वळसा घालून, साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास करून, पश्चिम किनाऱ्याच्या फडात उभी राहते आणि तिची ओळख पटते ती पायातल्या बिल्ल्यावरून. एवढे तयार कथानक समुद्राने हर्णैपासून काही तासांच्या अंतरावर आणून टाकलेले असताना परग्रह कशाला हवा?

आता बाकीच्या पात्रांकडे वळू. माझा मुख्य आक्षेप एकच आहे आणि तो सगळ्यांना लागू पडतो. प्रत्येक प्राण्याला त्याची भूमिका आधीच मिळालेली आहे, आणि तुम्ही ती काढून घेऊन त्याला माणसांच्या कुटुंबकथेतली उरलीसुरली कामे वाटली आहेत.

डॉल्फिनला नायक करण्याविषयी मी फार लिहीत नाही. जगभर तोच नायक असतो, कारण त्याच्या जबड्याची ठेवण हसरी दिसते. तो खरोखर हसत नसतो. तुमच्या किनाऱ्यालगत फिरणारा कुबड असलेला डॉल्फिन जाळ्यातली मासळी कशी लांबवतो आणि जाळे कसे फाडतो, हे वडिलांना विचारा. तसा तो थोडा लबाड, थोडा शेजारधर्म पाळणारा रंगवलात तर नायक म्हणूनही चालेल.

शार्कबाबत मात्र ठाम राहा आणि त्याला खलनायक करू नका. १९७५ च्या एका हॉलीवूडपटाने शार्कच्या नावाने साऱ्या जगाला धडकी भरवली, आणि ज्या कादंबरीवरून तो निघाला तिच्या लेखकाने पुढे शार्कच्या संरक्षणासाठी काम केले. त्याला किती वाईट वाटले असेल ते त्याचे त्याला ठाऊक, पण ती चूक पन्नास वर्षांनी मराठीत पुन्हा करण्याचे कारण नाही. शिवाय कोकणातला प्रेक्षक ते मान्यही करणार नाही. ज्या घरात मुशीचे, म्हणजे लहान शार्कचे, कालवण होते त्या घरातल्या मुलाला मुशी भयंकर आहे असे पटवणे कठीण. भयाची बाजू कोणाची आहे, हे तिथे चूल पेटली की ठरते.

ऑक्टोपसला तुम्ही विनोदी मित्र केले आहे, आठ हातांनी आठ वस्तू पाडणारा. ही उधळपट्टी आहे. या प्राण्याला तीन हृदये असतात, आणि पोहताना त्यांतले शरीरभर रक्त पाठवणारे मुख्य हृदय थांबते, म्हणून पोहण्यापेक्षा सरपटणे त्याला सोयीचे पडते. रक्तात तांबे असल्याने ते निळे असते. मज्जापेशींपैकी जवळपास दोन तृतीयांश पेशी डोक्यात नसून हातांत असतात, म्हणजे हात जणू आपापल्या बुद्धीने वागतात. अशा पात्राला नुसते धडपडायला लावायचे? मात्र व्यवसायाच्या दृष्टीने यात एक मोठी अडचण आहे, ती निर्मात्याच्या कानावर घाला. ऑक्टोपस फार जगत नाही. बहुतेक जाती वर्ष-दोन वर्षांत आटोपतात, नर मीलनानंतर आणि मादी अंडी फुटेपर्यंत उपाशी राखण करून. म्हणजे ज्या आईची तुम्हाला गरज होती ती ही होती, आणि तुम्ही तिला विदूषक केलेत.

ऑक्टोपसच्या लोकप्रियतेचा खरा नमुना पाहायचा तर जर्मनीतल्या ओबरहाउसेनच्या मत्स्यालयातला पॉल आठवा. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात दोन देशांच्या झेंड्यांचे दोन डबे त्याच्यापुढे ठेवत. ज्या डब्यातला शिंपला तो आधी खाई तो संघ जिंकणार, असे मानत. जर्मनीचे सातही सामने आणि अंतिम सामना, असे आठही अंदाज बरोबर ठरले. जगभरातून चाहते, धमक्या आणि जाहिरातींची मागणी अशी सगळी नटाची दौलत त्याच्या वाट्याला आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो नैसर्गिक मृत्यूने वारला. कारकीर्द बहरात असताना नायक वयोमानाने जातो, ही अडचण कोणत्याही करारात कलम घालून सुटत नाही.

तुम्हाला खरा नट हवा असेल तर तो माकुलांत, म्हणजे कटलफिशच्या कुळात, सापडेल. ज्याच्या पाठीतला समुद्रफेस आपण लहानपणी किनाऱ्यावरून गोळा करतो त्या माकुलाचाच एक नातलग ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर आढळतो. त्याचा नर मादी आणि दुसरा नर यांच्या मधोमध पोहत असतो तेव्हा मादीकडच्या अंगावर प्रणयाचे पट्टे उमटवतो आणि दुसऱ्या नराकडच्या अंगावर मादीचा वेश धारण करतो. एकाच देहावर, एकाच वेळी, अर्धा नायक आणि अर्धी नायिका! आपल्याकडे स्त्रीपार्टी नटांची परंपरा केवढी मोठी, तुमच्या भागात नमन-खेळ्यांत अजूनही पुरुषच गौळणी होतात, पण मेकअप न पुसता, विंगेत न जाता, एका बाजूच्या प्रेक्षकाला बाई आणि दुसऱ्या बाजूच्या प्रेक्षकाला बुवा दिसणारा नट कुठल्याच कंपनीला लाभलेला नाही. हे दृश्य काढायला तुमच्यासारखाच चित्रकार हवा.

क्लाउन माशाविषयी फक्त सावधगिरीची सूचना. या माशांच्या गटाची प्रमुख मादी असते, ती गेली की तिचा जोडीदार नर स्वतः मादी बनतो आणि गटातला पुढचा नर त्याची जागा घेतो. आई मेल्यावर बाप आणि मुलगा यांची हृदयस्पर्शी कथा तुम्ही याच माशावर रचली आहे, तेव्हा मध्यंतरानंतर बाप आई होईल हे लक्षात असू द्या. मला तरी त्यात गैर काही वाटत नाही, पण संवाद बदलावे लागतील.

रिकाम्या शंखात राहणाऱ्या खेकड्याला तुमच्या योजनेत एकच वाक्य आहे, तेही गर्दीतले. मी असतो तर पहिला चित्रपट त्याच्यावर केला असता. अंग वाढते, शंख वाढत नाही, म्हणून त्याला आयुष्यभर मोठे घर शोधावे लागते. किनाऱ्यावर एखादा मोठा रिकामा शंख पडला आणि तो पहिल्या खेकड्याला फार मोठा झाला तर तो निघून जात नाही, शेजारी थांबतो. दुसरा येतो, तोही थांबतो. हळूहळू मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लागते, प्रत्येकजण पुढच्याच्या शंखाला धरून. शेवटी ज्याला तो शंख नेमका बसतो असा खेकडा येतो, आपले घर सोडून त्यात शिरतो, आणि क्षणात सारी रांग एकेक घर पुढे सरकते. शेवटी सर्वांत लहान शंख रिकामा उरतो. चाळीतून पुनर्विकासाच्या इमारतीत जाण्यासाठी वर्षानुवर्षे संक्रमण शिबिरात राहिलेल्या मुंबईकराला यातला विनोद समजावून सांगावा लागणार नाही, आणि त्यातला सल तर त्याहून नाही.

छोट्या भूमिकांची टंचाई नाही. शार्कच्या पोटाला चिकटून फुकट प्रवास करणारा रेमोरा मासा प्रत्येक बड्या नटाच्या आसपास आपण पाहिलेला आहे. नांगी आपटून पाण्यात बुडबुडा फोडणारी पिस्तूल कोळंबी ध्वनिसंयोजनाचे खाते एकटी सांभाळेल. आणि दुसऱ्या भागासाठी हपापलेल्या निर्मात्यांचे कुलदैवत म्हणून एका नखाएवढ्या जेलीफिशची स्थापना करायला हरकत नाही. म्हातारपण, उपासमार किंवा इजा यांनी गाठले की ती मरण्याऐवजी उलटी फिरते, पुन्हा आपल्या बालरूपात जाते आणि तिथून नव्याने वाढते. तत्त्वतः ती हे कितीही वेळा करू शकते. अर्थात कुणी गिळले नाही तर.

एवढे वाचून तुम्हाला वाटेल की मी तुमचा व्यवसाय बंद करायला निघालो आहे. तसे नाही. समुद्रातल्या प्राण्याची जाणीवपूर्वक नवी प्रतिमा उभी करून, नाटक, गाणी आणि प्रचंड फुगवलेला पुतळा यांच्या जोरावर ती लोकांच्या गळी उतरवल्याचे एक यशस्वी उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर व्हेल शार्क, म्हणजे जगातला सर्वांत मोठा मासा, पूर्वी मोठ्या प्रमाणावर मारला जाई. त्याच्या यकृताचे तेल होड्यांना लावत आणि मांस परदेशी जाई. २००१ मध्ये कायद्याने त्याला संरक्षण मिळाले, पण कायदा किनाऱ्यावर कोण वाचतो? २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने मोहीम सुरू केली. या माशाला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे नाव दिले गेले. रामकथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितले की ही तर बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे, आणि माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारत नाही. गावोगाव पथनाट्ये झाली, व्हेल शार्कचा अगडबंब फुगा मिरवला गेला. आणि ज्यांनी तो मारायचा तेच कोळी जाळे कापून त्याला सोडू लागले.

यातली खुबी बारकाईने पाहा. त्या मोहिमेने माशाला बोलायला लावले नाही, त्याला टोपी घातली नाही की प्रेयसी दिली नाही. मासा जसा होता तसाच ठेवला आणि पाहणाऱ्याचे नाते तेवढे बदलले. आणि नाते गोड शब्दांवर सोडले नाही, कापलेल्या जाळ्याची भरपाईही दिली. महाराष्ट्रातही २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची योजना आहे, आणि त्यासाठी प्राणी सोडतानाचे फोटो पुरावा म्हणून द्यावे लागतात. तुमच्या पत्राच्या शेवटच्या पानावर, दोन ओळींच्या मध्ये, जणू चुकून, तुम्ही लिहिले आहे की बाबांच्या फोनमध्ये असा एक व्हिडिओ आहे. जाळ्यात गुरफटलेले कासव, फळीवर टेकवलेला त्यांचा गुडघा, सुरी आणि मागून खलाशाचा आवाज. ५४ पानांच्या योजनेत मला सर्वांत पाहावेसे वाटले ते हेच दृश्य, आणि ते तुम्ही काढलेले नाही.

आतेभावाच्या टाकीविषयी थोडक्यात आणि स्पष्टपणे सांगतो. डॉल्फिनच्या खेळांची जलगृहे उभारण्यास परवानगी देऊ नये, असे केंद्र सरकारने २०१३ मध्येच राज्यांना कळवले आहे. समुद्रघोडे किंवा कासवे टाकीत ठेवण्याचा विचार असेल तर तोही सोडा, कारण दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि तिथे ‘प्रसिद्धीसाठी’ ही सबब चालत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी केइकोची हकिगत आतेभावाला ऐकवा. आइसलँडजवळ १९७९ मध्ये बाळवयात पकडलेला हा ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, मेक्सिको सिटीतल्या एका करमणूक उद्यानात खेळ करत असताना त्याला १९९३ मध्ये पडद्यावर आलेल्या एका चित्रपटात घेतले गेले. चित्रपटाचा विषय होता कैदेतल्या ऑर्काची सुटका, आणि चित्रीकरण संपल्यावर नट पुन्हा त्याच टाकीत गेला. ही विसंगती प्रेक्षकांतल्या मुलांच्या लक्षात आली, देणग्या जमल्या, त्याला आधी अमेरिकेत ओरेगॉनला आणि १९९८ मध्ये आइसलँडला नेण्यात आले. २००२ मध्ये तो खुल्या समुद्रात गेला, पण माणसांचा पिच्छा सोडेना, आणि २००३ च्या डिसेंबरात नॉर्वेच्या किनाऱ्यावर मेला. भूमिका पडद्यावर दोन तासांत पार पडली, नटाला तीच गोष्ट करायला दहा वर्षे लागली आणि धड जमली नाही.

आतेभावाला धंदाच करायचा असेल तर त्याला वेळासला पाठवा. तिथे २००२ पासून कासवांची घरटी राखली जातात, आणि पिल्ले निघण्याच्या दिवसांत पर्यटक येतात, गावातल्या घरांत उतरतात, मोदक-भाकरी खातात आणि सकाळ-संध्याकाळ दोरीच्या अलीकडे उभे राहतात. तुमच्या खाडीपलीकडे अंजर्ल्यातही हे चालते. मी तिथे एकदा उभा होतो. टोपली आडवी केली, तळहाताएवढीसुद्धा नसलेली काळी पिल्ले वाळूवर पसरली आणि समुद्राकडे निघाली. एक पिल्लू माणसाच्या पावलाच्या खळग्यात पडले, दोनदा उलटे झाले, चढून वर आले आणि पुन्हा चालू लागले. शंभर माणसे श्वास रोखून बघत होती आणि त्या नटाला प्रेक्षकांची काडीची पर्वा नव्हती. पहिल्या लाटेने त्याला मागे फेकले, दुसरीने नेले. खेळ संपला. तिकीट नाही, पुन्हा एकदा नाही, सही नाही. गावाला चार पैसे मिळतात ते मुक्कामाचे आणि जेवणाचे.

खेळण्यांबद्दल एकच गोष्ट. अमेरिकेत १९६० च्या दशकापासून ‘सी-मंकी’ नावाने खाऱ्या पाण्यातल्या एका अगदी बारीक कोळंबीची कोरडी अंडी पाकिटात घालून विकली गेली. कॉमिक्समधल्या जाहिरातीत मुकुट घातलेले, हसरे, माणसासारखे कुटुंब असे, आणि मूल पाण्यात पूड टाकून पाहत बसले की पांढरे ठिपके वळवळत. असंख्य मुलांचा हिरमोड झाला आणि माल मात्र खपतच राहिला. यातून काय घ्यायचे ते निर्माता बरोबर घेईल. तुम्ही मात्र हे पाहा की सुकलेल्या अंड्यात जीव महिनोन्महिने थांबून राहतो आणि पाणी मिळताच उठतो, ही मुळातली अद्भुत गोष्ट त्या मुकुटामुळे कुणाला दिसलीच नाही.

आता हक्कांचे. निर्माता जो कागद पुढे करतो आहे त्यावर सही करू नका. आधी तुमच्या नोकरीचे करारपत्र काढून वाचा. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळे ठरले नसेल तर, भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार नोकरी देणारा असतो. तुम्ही हे काम रात्री, घरी, स्वतःच्या साधनांवर केले असेल तर त्याचा पुरावा जपा. तारखा असलेल्या फायली, कच्ची रेखाटने, पाठवलेले ईमेल, सगळे. दुसरे असे की हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असे कायदा मानतो. म्हणूनच निर्माता ‘कायमचे’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ हे शब्द आवर्जून घालतो. एका चित्रपटाचे हक्क द्या, पात्रांचे देऊ नका, खेळण्यांचे वेगळे बोला, आणि सही करण्यापूर्वी या कामातल्या वकिलाला दोन-चार हजार रुपये देऊन कागद दाखवा. आणि हे ध्यानात घ्या की माकुलाचा दुहेरी वेश किंवा खेकड्यांची रांग यांवर कुणाचाच हक्क नाही. तुमचे आहे ते तुमचे रेखाटन आणि तुमची मांडणी. उद्या दुसऱ्या कुणी खेकडा काढला तर तुम्हाला भांडता येणार नाही, तेव्हा तुमचा खेकडा असा काढा की दुसऱ्याचा त्याच्या शेजारी उभा राहू नये.

राहिला प्रश्न बाबांचा, आणि तुम्ही तो शेवटी विचारला असला तरी पत्र त्याच्यासाठीच लिहिले आहे असे मला वाटते. बोट सांभाळायची की चित्रे काढायची, हा निर्णय मी तुमच्या वतीने घेणार नाही, आणि आज तो घेण्याची गरजही दिसत नाही. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोट शाकारलेली असते, बाबा घरी असतात आणि जाळ्यांची दुरुस्ती चालते. त्या दोन महिन्यांतली जेवढी रजा मिळेल तेवढी घ्या आणि हर्णैला जाऊन बसा. योजना वाचून दाखवू नका. वही घेऊन जा आणि ते बोलतील ते काढत राहा. जाळे कापताना कासवाने डोळे मिटले होते का? फुगलेला केंड मासा हातात धरला तर कसा आवाज करतो? संध्याकाळच्या लिलावात बोली लागत असताना टोपलीतले माकूल रंग बदलत असते का, आणि किती वेळ? ज्या प्रश्नांची उत्तरे मला पुस्तकांत मिळत नाहीत ती त्यांच्या बोटांत आहेत. ते पुन्हा हसले तर हसू द्या आणि कुठल्या चित्रावर हसले ते समासात लिहून ठेवा. चौदा चित्रपटांऐवजी आठ मिनिटांचा एकच करा. विषय तुम्ही निवडा, पण पहिला प्रेक्षक कोण असणार ते ठरलेलेच आहे.

पात्रांना आवाज कुणाचा द्यावा, असेही तुम्ही विचारले होते. मासे आणि कासव यांना देऊ नका. बोटीवरच्या माणसांना द्या, आणि तो तुमच्या बंदरावरच्या बोलीतच असू द्या, पुण्याच्या स्टुडिओतला नको.

आणि ‘सागरसम्राट’ हे मालिकेचे नाव बदला. या नावाच्या बोटी प्रत्येक बंदरात निघतील. बाबांच्या बोटीचे नाव तुम्ही पत्रात लिहिले आहे. ते मी इथे छापत नाही, पण चित्रपटासाठी त्याहून चांगले नाव मला सुचलेले नाही. नारळी पौर्णिमेला बोट पुन्हा पाण्यात घालायच्या आधी ते वापरू का म्हणून त्यांना विचारून घ्या.